एकहाती म्हशी

सचिवांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि आठही महिने त्यांची आरामखुर्ची नेमकी वाटेत होती. गोठ्यातून दुधाच्या बादल्या घेऊन स्वयंपाकघराकडे यायला अंगणातून सरळ वाट एकच, आणि त्या वाटेच्या मधोमध ही खुर्ची. दूध संकलन केंद्रातल्या लोकांनी निरोप देताना दिलेली, पाय लांब करून पडता येईल अशी. सकाळचं पहिलं ऊन त्या जागी येतं म्हणून ती तिथं. संध्याकाळीही ते तिथंच. धार काढून काकू दोन हातांत दोन बादल्या घेऊन यायची, खुर्चीला वळसा घालायची, आणि सचिव पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "जपून हं, सांडेल."

सांडेल म्हणे! एकोणचाळीस वर्षं ती बाई या अंगणातून दूध नेत होती. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत नेलं, अंगात ताप असताना नेलं, पाय मुरगळला तेव्हा भिंतीला धरून धरून नेलं. आणि जपून चाल म्हणून सांगणार कोण, तर ज्यांनी चौतीस वर्षं केंद्रावर बसून दुसऱ्यांच्या दुधाची फॅट तपासली आणि जन्मात एकदा म्हशीखाली बसले नाहीत ते.

सचिवांना ‘ते’ आणि काकूला ‘ती’, हे मी पदरचं करत नाही. गावच तसं बोलतं. काकूही त्यांना अहो-जाहोच करायची, निदान माणसांत तरी.

निरोप समारंभ मोठा झाला होता. मांडव, माईक, हार. चेअरमन भाषणात म्हणाले, "या गावच्या दुधाचा थेंब न् थेंब सचिवसाहेबांच्या नजरेखालून गेला." टाळ्या पडल्या. काकू बायकांच्या शेवटच्या ओळीत बसून मनात म्हणाली, नजरेखालून गेला खरा, हाताखालून कुणाच्या गेला? पण तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेपाच वाजत आले होते, धारेची वेळ. सचिवांच्या गळ्यात हार पडत होता तेव्हा ती पदर खोचून घराकडे निघालीसुद्धा. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. "फोटोत लोक तुला शोधत होते," सचिव म्हणाले. "माझी शोभा झाली."

मग हिवाळा आला आणि काकूच्या उजव्या अंगठ्यानं मान टाकली.

दुखत तो चार वर्षं होताच. अंगठा आत दुमडून सड पिळायची तिची सवय. त्यानं दूध भरभर निघतं, पण सगळा जोर अंगठ्याच्या बुडावर येतो. तिथं आवळ्याएवढी गाठ आली होती. त्या दिवशी पहाटे चांदी म्हशीची धार अर्ध्यावर आली आणि अंगठ्यातून कळ निघाली ती थेट काखेपर्यंत. बोटं उघडीच पडली. मिटेनात. काकूनं डाव्या हातानं उरलेलं दूध काढलं, डाव्या हातानं बादल्या दोन खेपांत नेल्या, डाव्या हातानं चहा टाकला. सात वाजता सचिव उठले आणि म्हणाले, "आज चहा पातळ झालाय."

बाजारच्या गावी डॉक्टरकडे सचिव तिला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, बरा होता. त्यानं अंगठा हळूच फिरवला तशी काकूनं दात आवळले. "सांधा झिजलाय," तो म्हणाला. लिहिता लिहिता त्यानं सहज विचारलं, "हे घरी झालं का कामावर?"

"घरी," सचिव म्हणाले.

"कामावर," काकू म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. डॉक्टरनं एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि कागदावर काय लिहिलं कोण जाणे. पण उठताना त्यानं काकूला स्पष्ट सांगितलं. "मावशी, धार काढणं आता बंद. कमी करा असं म्हणत नाही, बंद. नाहीतर वर्षभरात या हातानं घास उचलता यायचा नाही."

परत येताना एसटीत काकू खिडकीशी बसली होती. तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, बंद. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीत काहीतरी हलकं हलकं व्हायला लागलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तिची धाकटी बहीण दूर नदीकाठच्या गावी एकटी राहायची, नवरा वारलेली, पोरं लांब. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. "ये गं ताई, महिनाभर तरी ये. दोघी सकाळी साडेसातपर्यंत लोळू." काकू हसून विषय बदलायची. एकोणचाळीस वर्षांत साडेचारच्या पुढे ती झोपली नव्हती. अंथरुणात पडल्या पडल्या खोलीत उजेड कसा येतो, आधी कुठं पडतो, मग कुठं सरकतो, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर तिनं सांगून टाकलं. "पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मी धार काढणार नाही. मी निवृत्त होतेय."

मुलगा हसला. तो साखर कारखान्यात पाळीवर होता, पहाटे पाचला घर सोडायचा. "आई, तू कसली निवृत्त होतेस!"

"का? तुझ्या बापानं काय वेगळं केलं?"

"अगं, पण त्यांचं वयच झालं होतं," मुलगा म्हणाला.

"ते साठ, मी एकोणसाठ. माझ्या अंगठ्याला विचार त्याचं वय."

सून गप्प होती. ती बालवाडीत शिकवायची, आणि या घरात कधी गप्प बसावं हे तिला चांगलं कळायचं. सचिवांनी पाण्याचा घोट घेतला आणि मीटिंगमध्ये बोलायच्या आवाजात म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नसतो. म्हशी तिन्ही एकहाती आहेत. तुझ्याशिवाय कुणाच्या हाताला दूध देत नाहीत. हे तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. आणि खरी चीड तीच होती, कारण ते तिनंच करून ठेवलं होतं. थोरली, चांदी, बुटकी, तिघी तिच्या हातावर वाढलेल्या. दुसरा कुणी कासेला हात लावायला गेला की पाय झाडायच्या, पान्हा चोरायच्या. गावात लोक म्हणायचे, काकूची जनावरं काकूशिवाय कुणाला ओळखत नाहीत, आणि काकूची छाती फुगायची. मुलगा सतरा वर्षांचा असताना एकदा हौसेनं बादली घेऊन बसला होता. काकूनंच त्याला उठवलं. "ऊठ, जनावर बिघडेल. तुझा हात कच्चा आहे." पोरगं उठलं ते उठलंच. एका शब्दानं तिनं स्वतःला सोळा वर्षांसाठी दावणीला बांधून घेतलं, आणि तेव्हा तिला वाटलं होतं, आपली केवढी किंमत आहे या घरात!

"मग विका म्हशी," ती म्हणाली.

"आणि रिकामा गोठा घेऊन बसू? लोक काय म्हणतील? चौतीस वर्षं दुधाच्या कामात घालवलेला माणूस, आणि त्याच्याच घरी दूध नाही!"

"मग विकू नका. मी काढणार नाही एवढंच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी सचिवांनी तिला एक कागद दिला. आखलेला, वर तारीख, खाली सही. केंद्राचं इतिवृत्त लिहायचा हात तो, सवय कुठली जातेय! ‘सर्वानुमते असे ठरले की, सध्याच्या दुभत्या जनावरांचा काळ लक्षात घेता दोन वर्षांनंतर टप्प्याटप्प्याने कामातून मुक्त होण्यास मान्यता देण्यात येत आहे.’

काकूनं तो दोनदा वाचला. तळपायाची आग मस्तकात गेली. "सर्वानुमते? घरात माणसं चार. त्यातली एक मी. मला कधी विचारलं? आणि मान्यता देणारे तुम्ही कोण? मला कामावर तुम्ही ठेवलं होतं का? नेमणुकीचा कागद दाखवा की मग तोही."

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! तुम्ही साठाव्या वर्षी खुर्चीत पडलात तेव्हा मांडव घालून गावाला ऐकवलंत. माझं शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर बिघडलं कुठं?"

तिनं तो कागद नेला, कास धुवायचं पाणी तापवायच्या चुलीत घातला आणि वर काटक्या टाकल्या. पाणी चांगलं तापलं.

सचिवांनी मग त्यांच्या परीनं मार्ग काढला. शेजारच्या गावच्या गवळ्याला बोलावलं. काळा, हाडकुळा, बोलायला गोड माणूस. पन्नास जनावरं रोज पिळायचा. पहिल्या दिवशी थोरलीनं त्याला भिंतीशी रेटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढ्यात पेंड ठेवली, रेडकू सोडलं, पाठ थोपटली, शीळ वाजवली. रेडकू पीत होतं तोवर दूध आलं, बाजूला केलं की आटलं. तिसऱ्या दिवशी तो गोठ्याच्या दारात उकिडवा बसला आणि काकूला म्हणाला, "काकू, तुम्हीच काढा आज. मला फक्त बघू द्या."

काकूनं डाव्या हातानं सुरुवात केली. गवळी बघत राहिला. मग कान देऊन ऐकायला लागला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुम्ही काय म्हणता हो धार काढताना?"

"मी? काही नाही."

"म्हणता की. ओठ हलतायत. गाणं म्हणता का? माझ्याकडं एक म्हैस आहे, तिला रेडिओ लागतो. जनावराला शब्द कळत नाहीत, पण आवाज ओळखतं ते. ही तिन्ही तुमच्या आवाजाला लागलीत. काय म्हणता ते दुसऱ्याला शिकवा. तुमचा कामाचा शर्ट घालायला द्या, वास ओळखीचा लागेल. पंधरा दिवसांत वळतील."

काकूचं तोंड लाल झालं. गवळी गेल्यावरही ती बराच वेळ बुटकीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. एकोणचाळीस वर्षं आपण काहीतरी पुटपुटतो हे तिला ठाऊक होतं. पण ते रोज तेच असतं, त्याच क्रमानं, आणि त्यावर तीन जनावरं पान्हा सोडतात, हे तिला आज कळत होतं. आणि ते गाणंबिणं नव्हतं. त्या शिव्या होत्या. सगळ्या एकाच माणसाला.

"कोण शिकणार?" तिनं संध्याकाळी विचारलं.

सून पुढं झाली. "आई, मी शिकते. बालवाडी दहाला असते, सकाळची मला जमेल."

"खबरदार!" काकू एवढ्या जोरात ओरडली की सून दचकली. "खबरदार त्या बादलीला हात लावलास तर. सासूनं माझ्या हातात दिली, मी तुझ्या हातात देऊ? एकदा खाली बसलीस की उठशील एकोणसाठाव्या वर्षी, आणि तेव्हा तुझा नवरा तुला कागद लिहून देईल." मग ती मुलाकडे वळली. "तू शेण काढायचंस, सुट्टीच्या दिवशी चारा आणायचास. पाळीचं कारण सांगू नकोस, पाळी संपते."

"मग धार कोण..." मुलगा म्हणाला, आणि बोलता बोलता सगळ्यांच्या नजरा आरामखुर्चीकडे गेल्या.

"मी निवृत्त माणूस," सचिव म्हणाले.

"म्हणूनच," काकू म्हणाली. "दिवसभर मोकळे तुम्हीच आहात."

दोन दिवस ते ऐकेनात. जेवणावरून उठून गेले, कंबर दुखते म्हणाले, रक्तदाबाची गोळी सगळ्यांसमोर घेतली. काकूनं काही केलं नाही. ती फक्त डाव्या हातानं जमेल तेवढं काढायची आणि उरलेलं रेडकांना सोडायची. केंद्रावर जाणारं घरचं दूध निम्म्यावर आलं. नव्या सचिवानं चारचौघांत विचारलं, "काय साहेब, रिटायर झाल्यावर म्हशीपण रिटायर केल्या की काय?" लोक हसले. तिसऱ्या दिवशी पहाटे सचिव गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले, कानटोपी घालून, नाकावर रुमाल धरून.

काकूनं तिचा कामाचा शर्ट त्यांना दिला. मुलाचा जुना, कोपरावर फाटलेला, शेणाचा, दुधाचा आणि तिच्या घामाचा वास पक्का बसलेला. तो त्यांच्या पोटावर मिटेना. डोक्याला तिचंच फडकं बांधलं. थोरलीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि फुरफुरली.

"बसा. गुडघे असे नाही, बादली मध्ये धरा. आधी कास धुवा. कोमट पाणी, गार नको. आता मुठीनं पिळा. अंगठा दुमडू नका, माझ्यासारखं करून घ्याल."

"पाय मारेल का गं?"

"मारला तर मारला. मला काय कमी मारलेत?"

थेंब आला नाही. सचिवांनी पिळलं, ओढलं, घामाघूम झाले. "बोला काहीतरी," काकू म्हणाली. "ती आवाजाची वाट बघतेय." सचिवांनी घसा साफ केला. त्यांना एकच पाठ होतं. "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, मागील आर्थिक वर्षात आपल्या संस्थेनं..." थोरलीनं पाय उचलला आणि बादली भिंतीपर्यंत उडाली. बादलीपाठोपाठ सचिवही शेणात बसले. दारात सून उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि पळाली.

काकूला हसू आलं नाही. चारा ठेवायची टोपली पालथी घालून ती शेजारी बसली. "मी म्हणते तसं म्हणा. याच आवाजात. छातीवरून नाही, पोटातून." आणि तिनं सुरुवात केली. "हो बाई, हो. आपणच उठलोय. बाकीचे राजे झोपलेत."

"हो बाई, हो," सचिव म्हणाले. "आपणच उठलोय. बाकीचे राजे... म्हणजे कोण?"

"म्हणा."

"बाकीचे राजे झोपलेत."

"तो बघ कसा पडलाय. चहा तयार झाल्याशिवाय त्याचा डोळा उघडायचा नाही."

सचिवांचा हात थांबला. "तो? तू मला ‘तो’ म्हणतेस?"

"म्हशीपाशी म्हणते. पुढं."

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते त्या ‘तो’नं. शेणात बसल्याचंही इतकं लागलं नव्हतं. त्यांनी एकदा ‘ते’ म्हणून बघितलं, काकूनं मान हलवली, आणि शेवटी सचिवांनी स्वतःला ‘तो’ म्हटलं. पुढं रोज सकाळ-संध्याकाळ तेच चाललं. ती म्हणायची आणि ते मागून म्हणायचे, पहिलीतलं पोर पाढे म्हणतं तसं. "लग्न होऊन तिसऱ्या दिवशी सासूनं बादली दिली. म्हणाली, बघू हात कसाय. हात चांगला निघाला, तिथंच माझं चुकलं." "पोर झालं तर पंधराव्या दिवशी खाली बसवलं. टाके ओले होते. त्यानं विचारलं, आज दूध कमी का?" "बहिणीच्या लग्नात जेवायच्या आधी उठून आले. हात धुतलेले तसेच." "केंद्राच्या लोकांबरोबर समुद्र बघायला गेला चार दिवस. येताना शंख आणला. म्हणाला, कानाला लाव, समुद्र ऐकू येतो. मला मेलीला काय ऐकू यायचं, माझा कान तुझ्या पोटाला."

दहाव्या दिवशी थोरलीनं पान्हा सोडला. तेराव्या दिवशी बुटकीनं. बादलीत धार पडल्याचा आवाज आला तेव्हा सचिव पोरासारखे ओरडले, "आलं, आलं!" आणि म्हैस बिचकली. त्यांचे गुडघे सुजले होते. बोटांची पेरं उलून आली होती. जेवताना भाकरी मोडता येईना तेव्हा त्यांनी डोळे वर करून काकूकडे बघितलं. सुनेनं मुकाट्यानं त्यांची भाकरी कुस्करून दिली.

एकदा दुपारी ते म्हणाले, "हे सगळं तू मला का नाही सांगितलंस कधी?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणायचात, दूध कमी का?"

चांदी मात्र वळेना. ती तिघींत अवघड. तिची धार सगळ्यात शेवटी, सगळ्यात लांब. अर्धी बादली द्यायची आणि थांबायची, कारण काकूचं बोलणंही तिच्यापाशी सगळ्यात लांब चालायचं आणि त्यातलं शेवटचं काकूनं सचिवांना शिकवलंच नव्हतं. तिथवर आलं की ती म्हणायची, "पुढचं राहू दे," आणि डाव्या हातानं स्वतः पुरं करायची. तेवढ्यापुरतं ती सचिवांना बाहेर पाठवायची.

एक तारीख आली. साडेआठची गाडी होती. काकूनं आदल्या दिवशीच पिशवी भरली होती, दोन पातळं, शाल, अंगठ्याला लावायचं मलम. बहिणीला फोन करून झाला होता. पहाटे तिला सवयीनं जाग आली, पण ती गोठ्यात गेली नाही. अंघोळ केली, वेणी घातली, आणि ओट्यावर येऊन बसली. गोठ्यातून सचिवांचा आवाज येत होता, पोटातून, पुटपुटता. हो बाई, हो. थोरली झाली. बुटकी झाली. सून चहाचा कप आणून शेजारी टेकली. काकूनं तो बसून, गरम असतानाच प्यायला.

मग चांदीची धार सुरू झाली आणि अर्ध्यावर थांबली. काकूला बसल्या जागी कळलं. सचिवांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आपणच उठलोय, राजे झोपलेत. चांदीनं पाय आपटला.

"अगं ए!" सचिवांची हाक आली. "ती थांबलीय. पुढचं काय आहे?"

काकू जागची हलली नाही. "पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

"मला कसं ठाऊक असणार? तू शिकवलंच नाहीस."

"शिकवायचं काय त्यात? तुम्ही होतात तिथं. सतरा वर्षांपूर्वी. बोला."

इतकी वर्षं तिनं ते फक्त जनावरांना सांगितलं होतं. चांदीच्या आईला सांगितलं, मग चांदीला. आत जावं, स्वतः पिळून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं तिला एक क्षण वाटलं. सुनेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिची आई आजारी होती," आतून सचिव म्हणाले. "निरोप आला. ती दुपारच्या गाडीनं गेली. पण गाड्या तेव्हा कमी होत्या, आणि..."

"खोटं," काकू ओट्यावरून म्हणाली. "गाड्या होत्या."

रेडकू ओरडलं. चांदीनं शेपटी मारली त्याचा आवाज आला.

"मी म्हटलं होतं," सचिव म्हणाले. आता आवाज खरंच पोटातून आला, कुणी शिकवल्याशिवाय. "मी म्हटलं होतं, जाऊन ये, पण धारेला परत ये. माझी वार्षिक सभा आहे, मला वेळ नाही. ती गेली. तासभर बसली. आई म्हणाली, थांब. ती थांबली नाही. म्हशीची कास भरली असेल म्हणून आईला टाकून परत आली. इथं, याच जागी बसली होती, तेव्हा निरोप आला. गेल्या म्हणून. मी दारातच होतो. मी म्हटलं..." ते थांबले. मग म्हणाले, "मी म्हटलं, आता गेल्याच आहेत, तर धार पुरी करून घे."

बादलीत धार पडायला लागली. आधी बारीक, मग भरभर. सुनेनं तोंड फिरवलं. काकू समोर बघत बसून राहिली. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो राग, ताजा, सतरा वर्षांत जराही न निवलेला. इतकं लख्ख आठवत होतं त्यांना! शब्द न् शब्द! आणि ती आजवर समजत होती की बिचारे विसरले असतील.

सचिव बादली घेऊन बाहेर आले. शर्ट पोटाशी उघडा, फडकं कपाळावर आलेलं, डोळे लाल. आरामखुर्ची वाटेतच होती. त्यांनी तिला पायानं बाजूला सारलं आणि बादली ओट्याशी आणून ठेवली. काठोकाठ भरली होती. ते काहीतरी बोलायची वाट बघत उभे राहिले, चांगलं किंवा वाईट. काकूनं पिशवी उचलली, डाव्या हातानं.

"सगळं दिलं तिनं," सचिव हळू आवाजात म्हणाले. "हे... शेवटचं. हे आता रोज म्हणावं लागणार का गं?"

"रोज," काकू म्हणाली. "दोन वेळा." आणि ती साडेआठच्या गाडीला निघाली.